अपुऱ्या दिवसांचे मूल आणि न्यूमोकोकसची लस : वयाची गणना व मात्रांचा क्रम

'वय' हा शब्द व्यवहारात इतका सरळ वाटतो की, त्यास दोन अर्थ असू शकतील अशी शंका सहसा कोणास येत नाही. परंतु अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे गर्भावस्थेचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांच्या बाबतीत हा शब्द दोन भिन्न अर्थांनी योजला जातो. जन्मदिवसापासून मोजलेले ते जन्मवय, आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले ते सुधारित वय. मूल केव्हा बसेल, केव्हा बोलू लागेल, याचा अंदाज सुधारित वयावरून बांधणे योग्यच होय. लस टोचण्याचा दिवस मात्र जन्मवयावरूनच ठरवावयाचा असतो. या दोन अर्थांची गल्लत झाली, तर ज्यास संरक्षणाची सर्वाधिक निकड आहे तेच मूल काही आठवडे उघडे राहते.

ही निकड कशामुळे उत्पन्न होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. न्यूमोकोकस हा जंतू नाकघशात निरुपद्रवीपणे राहू शकतो. पण तो फुप्फुसांत, रक्तात अथवा मेंदूच्या आवरणांत शिरला, म्हणजे न्यूमोनिया, रक्तदोष वा मेंदूज्वर उद्भवतो. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भास मिळतात. परंतु त्यांचा मोठा भाग गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पोहोचतो. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलास ही शिदोरी पुरतेपणी मिळतच नाही. शिवाय त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही अपक्व असते.

या जंतूभोवती शर्करायुक्त आवरण असते व त्या आवरणाच्या भेदावरून त्याचे सुमारे शंभर प्रकार मानले जातात. केवळ आवरणाच्या द्रव्यापासून केलेल्या लशीस दोन वर्षांखालील मुलांचे शरीर नीट प्रतिसाद देत नाही. यास्तव ते द्रव्य एखाद्या प्रथिनास जोडून संयुग्म लस तयार करण्यात आली. सात प्रकारांवरील अशी लस अमेरिकेत २००० साली, तर तेरा प्रकारांवरील लस २०१० साली प्रचारात आली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात संयुग्म लशीचा प्रवेश २०१७ साली काही राज्यांत झाला आणि २०२१ साली ती देशभर लागू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरील लस सिद्ध केली असून तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१९ साली मिळाली.

भारताच्या सरकारी कार्यक्रमात ६ व १४ आठवडे या वयास दोन प्राथमिक मात्रा आणि ९ महिन्यांस एक वर्धक मात्रा दिली जाते. आता २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. जन्मवयाने त्याची पहिली मात्रा सहाव्या आठवड्यात येते. त्या दिवशी प्रसूतीची अपेक्षित तारीख अद्याप सहा आठवडे दूर असते. हीच मात्रा सुधारित वयाने द्यावयाची म्हटल्यास ती जन्मानंतर अठराव्या आठवड्यात पडेल. म्हणजे तोवर दुसऱ्या मात्रेचीही वेळ टळून गेलेली असेल. वजन कमी आहे म्हणून मात्रा निम्मी करणे हेही तितकेच अयोग्य होय.

दिवस निश्चित झाला तरी मात्रा किती व किती अंतराने द्याव्यात, हा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये ३५ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या २१० अर्भकांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन क्रमांची तुलना करण्यात आली : २ व ४ महिने, २, ३ व ४ महिने, आणि २, ४ व ६ महिने. सर्वांस बाराव्या महिन्यात वर्धक मात्रा मिळाली. प्राथमिक मात्रांनंतर तेरांपैकी निदान निम्म्या प्रकारांविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे आढळलेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ७५, ८८ व ९७ टक्के होते. वर्धक मात्रेनंतर मात्र चित्र पालटले. तिन्ही गटांतील जवळजवळ सर्व मुलांत पुरेशी प्रतिपिंडे आढळली. इतकेच नव्हे, तर अनेक प्रकारांबाबत दोनच प्राथमिक मात्रा मिळालेल्या मुलांत प्रतिपिंडांची पातळी विस्तृत क्रमातील मुलांपेक्षा उंच होती.

याचा अर्थ असा की, कोणताही एक क्रम सर्व काळासाठी श्रेष्ठ ठरत नाही. पहिल्या वर्षात धोका अधिक असेल तेथे जादा प्राथमिक मात्रेस महत्त्व येते. तो पुढे अधिक असेल तेथे थोड्या मात्रा व वेळेवर दिलेली वर्धक मात्रा यांचे पारडे जड होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ६, १० व १४ आठवड्यांस तीन प्राथमिक मात्रा सुचविल्या आहेत. सरकारी क्रमाशी तिचा जो भेद दिसतो, त्याचा विचार याच दृष्टीने करावयास हवा.

अतिशय लवकर जन्मलेल्या काही अर्भकांचा श्वास लस दिल्यानंतर क्षणभर थांबतो. म्हणून मूल रुग्णालयात असतानाच पहिली मात्रा देऊन ४८ ते ७२ तास त्याच्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. ही दक्षतेची बाब होय. विलंबाचे कारण नव्हे.

तात्पर्य, मात्रांच्या संख्येविषयी तज्ज्ञांत मतभेद संभवतो. वयाच्या अर्थाविषयी मात्र तो नाही. लसीकरणाच्या पत्रिकेवर 'वय' या शब्दाऐवजी 'जन्मापासूनचे वय' असे स्पष्ट लिहिले, तर एका संदिग्ध शब्दापायी मुलाचे संरक्षण लांबणीवर पडण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.