दिवाणी दाव्यास वकील कसा निवडावा?

साताऱ्याच्या व सांगलीच्या व्यापारी मंडळींत ‘खालीं हरलों तरी वर अपील आहेच’ अशी समजूत फार. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच बसूं लागलें. तेव्हां ती बळावणारच. परंतु अपील चालतें तें सामान्यतः खालच्याच पुराव्यावर. दुसऱ्या अपिलांत तर केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्नच निघतो. खालीं न विचारलेला प्रश्न वर साक्षीदारास कोण विचारणार? सरतपासणी आतां प्रतिज्ञापत्रावर होते. खरी कसोटी उलटतपासणीची. म्हणून वकिलाची ओळख वा स्वस्त फी न पाहतां, त्यानें किती दावे पुराव्यापासून निकालापर्यंत चालविले, हें विचारावें. न्यायालय सर्वांस खुलें आहे. एक दिवस बसून त्याचें काम पाहावें. तराजू पारखून घेणाऱ्यानें वडिलार्जित घराचा दावा मात्र डोळे मिटून सोंपवावा, हें शहाणपण नव्हे.