एकेरी लोहमार्गावरील द्विदिशी वाहतूक

एकाच रुळमार्गावरून परस्परविरुद्ध दिशांनी गाड्या चालविण्याची पद्धत. दुहेरी मार्गावर गाडीस मुख्यतः मागून येणाऱ्या गाडीचा धोका असतो. एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होण्याची भीती असते आणि दोन्ही गाड्यांचे वेग एकत्र आल्याने ती अधिक घातक ठरते. म्हणून लगतच्या दोन स्थानकांमधील मार्ग हा एक खंड मानून त्यात एका वेळी एकच गाडी असावी, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

प्रारंभी प्रत्येक खंडासाठी एकच दंड असे व तो हाती आल्याशिवाय चालकाने खंडात शिरावयाचे नाही, असा नियम होता. पद्धत सुरक्षित होती. परंतु दंड दुसऱ्या टोकाला राहिला, की गाडी अडकून पडे. त्यामुळे काही मार्गांवर केवळ तारेच्या संदेशावर भिस्त ठेवण्यात आली. इंग्लंडमधील नॉर्विचजवळील थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी रात्री तिचे परिणाम दिसले. समोरची टपाल गाडी सोडावी, असा स्वाक्षरी नसलेला संदेश ब्रंडल स्थानकास गेला आणि इकडून उशिरा धावणारी जलद गाडीही सोडण्यात आली. संदेश रद्द केला, तोवर टपाल गाडी निघून गेली होती. २५ जण मृत्यू पावले.

यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विद्युत् चकती-यंत्राचे एकस्व घेतले. खंडाच्या दोन्ही टोकांची यंत्रे तारेने जोडलेली असतात. एकातून चकती काढली, की ती कोणत्याही यंत्रात परत टाकीपर्यंत दुसरी चकती निघत नाही. अर्थात चकती वाचावयाची माणसानेच. वेल्समधील ॲबरम्यूल येथे २६ जानेवारी १९२१ रोजी मागील खंडाचीच चकती पुढील खंडाची समजून चालकास परत दिली गेली. त्यानेही ती वाचली नाही. १७ ठार झाले व त्यांत रेल्वे कंपनीचे एक संचालकही होते. यंत्रे सिग्नल-केबिनऐवजी स्थानकाच्या इमारतीत होती व अनेकजण ती हाताळीत. चकती बाहेर काढल्याखेरीज प्रस्थान-सिग्नल मिळूच नये, अशी जोडणी हाच यावरील खरा उपाय होय.

भारतात चकतीऐवजी नील पद्धतीचा पोलादी गोळा दीर्घकाळ रूढ होता. मोठ्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीतून तो धावत्या गाडीच्या चालकास देत. पुढे गोळाविरहित यंत्रे आली. त्यांत समोरच्या स्थानकाची संमती मिळाल्यावरच सिग्नल उतरतो आणि गाडीने खंड सोडल्याची खात्री आस-गणकाने करता येते. कोकण रेल्वे अद्याप बहुतांशी एकेरीच आहे.

दुहेरी मार्गही या प्रश्नापासून मुक्त नाही. पश्चिम बंगालमधील गैसल येथे २ ऑगस्ट १९९९ रोजी चुकीच्या रुळावर गेलेली अवध आसाम एक्सप्रेस समोरून येणाऱ्या ब्रह्मपुत्रा मेलवर आदळून अडीचशेहून अधिक माणसे दगावली. किशनगंज येथे सिग्नल यंत्रणेचे काम चालू असल्याने नेहमीचे यांत्रिक संरक्षण तेथे नव्हते. दुहेरी मार्गाच्या प्रत्येक रुळावर दोन्ही दिशांचे सिग्नल बसविल्यास एक रूळ बंद असतानाही दुसऱ्यावरून दोन्हीकडची वाहतूक सिग्नलच्या संरक्षणाखाली चालते. मात्र खंड रिकामा असल्याखेरीज दिशा बदलता येत नाही. भारतात २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले ‘कवच’ रेडिओ व रुळांमधील खुणपट्ट्या यांच्या साहाय्याने गाडीचे स्थान जाणते आणि चालकाने सिग्नल ओलांडण्याची चूक केल्यास ब्रेक आपोआप लावते.