लुकिन फॉर लव्ह
लुकिन फॉर लव्ह : अमेरिकन कंट्री संगीतातील एक लोकप्रिय प्रेमगीत. शीर्षकाचा अर्थ ‘प्रेमाच्या शोधात’ असा आहे. वांडा मॅलेट, पॅटी रायन व बॉब मॉरिसन ह्या तिघांनी रचलेले हे गीत टेक्सस राज्यातील गायक जॉनी ली (१९४६– ) ह्याने ‘अर्बन काउबॉय’ (१९८०) ह्या चित्रपटासाठी गायिले. ध्वनिमुद्रणाची निर्मिती जॉन बॉयलन ह्याची होती.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गोऱ्या समाजाच्या लोकगीतांतून आणि भक्तिगीतांतून कंट्री संगीत उदयास आले. कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’चाही त्यात मोठा वाटा आहे. १९२५ च्या सुमारास नभोवाणी व ध्वनिमुद्रिका ह्यांच्याद्वारे त्याचा व्यावसायिक प्रसार सुरू झाला. पुढे खेड्यांतील माणसे तेलक्षेत्रांत व कारखान्यांत कामासाठी जाऊ लागली, तेव्हा रस्त्याकडेच्या मद्यगृहांत ह्या संगीताचा ‘हाँकी-टाँक’ हा प्रकार रूढ झाला. अर्नेस्ट टब, हँक विल्यम्स (१९२३–५३) आदींच्या गीतांत शेतशिवाराची जागा एकाकीपणा, मद्यपान आणि दुरावलेले प्रेम ह्या विषयांनी घेतली. प्रस्तुत गीत आशयाच्या दृष्टीने ह्याच परंपरेतील आहे.

ह्यूस्टनजवळील पॅसाडीना हे शहर खनिज तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे गायक मिकी गिली (१९३६–२०२२) व शेरवुड क्रायर ह्यांनी १९७१ मध्ये ‘गिलीज’ हे विस्तीर्ण मद्य-नृत्यगृह सुरू केले. दिवसभर कारखान्यात राबणारे तरुण रात्री गुराख्याचा वेश करून तेथे येत, नाचत आणि यांत्रिक बैलावर स्वार होऊन आपले धैर्य अजमावीत. गुरे आणि कुरणे त्यांच्या जीवनातून गेली होती. गुराख्याची प्रतिमा मात्र उरली होती. ह्या जीवनावर एअरन लेथम ह्याने १९७८ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात लेख लिहिला व त्यावरून जेम्स ब्रिजेस ह्याने ‘अर्बन काउबॉय’ दिग्दर्शित केला. जॉन ट्रॅव्होल्टा व डेब्रा विंगर ह्यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या ह्या चित्रपटाचे बरेचसे चित्रण प्रत्यक्ष ‘गिलीज’मध्ये झाले. जॉनी ली हा तेथे गिलीच्या जोडीने अनेक वर्षे गात असे.

आशय व रचना : आजवर प्रेमाचा शोध भलत्याच ठिकाणी घेतला, अशी कबुली गीताचा नायक देतो. अनोळखी चेहऱ्यांतून जिव्हाळा धुंडाळण्याची सवय, तीतून पदरी पडणारी निराशा आणि अखेर लाभलेली सोबत असा त्याचा प्रवास आहे. दोष तो कोणा स्त्रीला देत नाही. चूक आपल्या शोधाचीच होती, हे तो मान्य करतो. हा प्रांजळपणा गीताचे मुख्य बलस्थान होय. सोपी शब्दकळा, मध्यम लय आणि सहज गुणगुणता येईल असे ध्रुवपद ह्यांमुळे कंट्री संगीत एरवी न ऐकणाऱ्यांनाही ते भावले.

लोकप्रियता व परिणाम : १९८० च्या सप्टेंबरमध्ये ‘बिलबोर्ड’ ह्या नियतकालिकाच्या कंट्री गीतांच्या क्रमवारीत हे गीत तीन आठवडे पहिल्या स्थानी होते. सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या क्रमवारीत त्याने पाचवे स्थान गाठले. त्याच चित्रपटातील मिकी गिली व ॲन मरी ह्यांच्या गीतांनीही कंट्री क्रमवारीत अग्रस्थान मिळविले. गीताचे ध्रुवपद पुढे इंग्रजी बोलीत वाक्प्रचारासारखे रुळले. रुंद काठाची टोपी, जीन्स व उंच बूट असा वेश शहरांतून फॅशन म्हणून पसरला आणि नवी कंट्री नृत्यगृहे निघाली.

ह्या यशाने एक जुना वादही तीव्र केला. व्यापक श्रोतृवर्गासाठी सुरावट मवाळ केली, तर कंट्री संगीताचे वेगळेपण उरते काय, असा प्रश्न परंपरावाद्यांनी उपस्थित केला. नव्या दशकाच्या मध्यास ही लाट ओसरली. जॉर्ज स्ट्रेट, रिकी स्कॅग्ज, रँडी ट्रॅव्हिस ह्यांनी फिडल व स्टील गिटार ह्यांना पुन्हा महत्त्व देणारी शैली पुढे आणली. ‘गिलीज’ १९८९ मध्ये बंद पडले. जॉनी लीची आणखी चार गीते १९८४ पर्यंत कंट्री क्रमवारीत पहिली आली. परंतु त्याचे नाव मुख्यतः ह्याच गीताशी निगडित राहिले.

गाव सुटलेल्या श्रमिकाला शहरात वेतन मिळते, आपले माणूस मिळतेच असे नाही. चित्रपटाच्या झगमगाटामागील हे वास्तव प्रस्तुत गीतात साध्या शब्दांत व्यक्त झाले आहे. नागर वेशातील कंट्री संगीतही आपल्या मूळ श्रोत्याशी किती जवळचे राहू शकते, ह्याचे ते एक उदाहरण होय.