हरिपाठाची वाट आणि म्हातारपणातील चालते पाय

कार्यक्षमता कशी मोजतात

वृद्धापकाळातील शारीरिक कार्यक्षमता आजारांच्या यादीवरून ठरत नाही. स्वतःचे स्वतः किती करता येते, यावरून ठरते. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये त्यासाठी सहा कृती निश्चित केल्या : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. भारतातील वृद्धत्वाविषयीच्या ‘लासी’ सर्वेक्षणात (२०१७-१८) हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला गेला.

नाते आणि स्नायू

ही कार्यक्षमता रोजच्या रिवाजातूनही टिकते. बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत सायंकाळी देवळात हरिपाठ होतो. त्यासाठी ओट्यावरून उतरावे लागते, गल्ली चालावी लागते, पायऱ्या चढून मांडी घालून बसावे लागते आणि शेवटी जमिनीवरून उठावेही लागते. मांड्यांची ताकद टिकवणारी ही उठबसच आहे. हरिपाठात पावली खेळताना शरीराचा भार तालावर एका पायावरून दुसऱ्यावर जातो. तोल सुधारण्याच्या व्यायामातही हेच करवून घेतात. यातले कोणी व्यायामासाठी येत नाही. टाळकरी वाट पाहतात, म्हणून पाय निघतात. दोन दिवस कोणी दिसले नाही, तर शेजारचे घरी डोकावतात. पडणे-झडणे किंवा ताप वेळेत कळतो.

शेगावहून पंढरपूरपर्यंत गजानन महाराजांच्या पालखीसोबत सुमारे महिनाभर पायी चालणाऱ्यांचे कौतुक होते, ते योग्यच. तरीही बहुसंख्य वृद्धांसाठी देवळापर्यंतचे रोजचे अंतर अधिक मोलाचे.

उलटा प्रवाह

गुडघे दुखू लागले किंवा मोतीबिंदूमुळे अंधारात दिसेनासे झाले, की आधी देऊळ सुटते. चालणे घटल्याने स्नायू क्षीण होतात, मग बाहेर पडणे आणखी अवघड होते. म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, काठी आणि देवळाच्या पायऱ्यांना कठडा हे माणसांत राहण्याचेही उपाय आहेत.

मर्यादा

कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात ६,९२८ प्रौढांच्या नऊ वर्षांच्या पाहणीत (बर्कमन व साइम, १९७९) नातेसंबंध तुटपुंजे असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मात्र ज्यांचे पाय धड तेच देवळात पोचतात, हेही खरे. कारण आणि परिणाम येथे पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. मुलांचा पुण्याहून येणारा व्हिडिओ कॉल एकटेपणा कमी करतो, चालणे वाढवत नाही. खुब्याचे हाड मोडल्यावर मात्र आधी शस्त्रक्रिया व फिजिओथेरपीच लागते. हरिपाठाच्या मंडळींचे येणे-जाणे त्यानंतर, पहिली पावले टाकताना कामी येते.