उमेकाठचे चिमूर

चिमूरला रेल्वे नाही. वरोऱ्याला उतरावे, ईशान्येकडे जाणारी एसटी धरावी, शेगाव आणि खडसंगी मागे टाकावे, तेव्हा उमा नदीकाठचे हे गाव लागते. नागपूरहून उमरेड-भिसीच्या अंगाने आले तरी शेवटपर्यंत रस्ताच. आज हे अंतर तासा-दोन तासांचे वाटते. १९४२ च्या भर पावसाळ्यात मात्र हीच वाट आडवी झाडे टाकून बंद झाली आणि सरकारला चिमूरपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. चिमूरची ओळख नकाशापासून करून द्यावी लागते ती यासाठी.

गाव दोन मुलखांच्या शिवेवर आहे. पश्चिमेला वरोऱ्याकडची काळी जमीन. तिथे कापूस, सोयाबीन, तूर. पूर्वेला सरकू लागले की शेताचा रंग बदलतो, बांध्या दिसू लागतात, धान सुरू होते. मग तलाव, बोड्या, माजी मालगुजारांच्या नावाने ओळखले जाणारे मामा तलाव आणि त्यापलीकडे ब्रह्मपुरी-नागभीडचा खरा झाडीपट्टा. भाषेचेही तसेच आहे. नागपूरकडची बोली आणि झाडीबोली चिमूरच्या बाजारात एकमेकींत मिसळलेल्या ऐकू येतात. हिवाळ्यात पूर्वेकडच्या गावांत शंकरपट भरतात, रात्ररात्र नाटके रंगतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहफुले वेचायची, पुढे तेंदूपत्ता तोडायचा, पाऊस पडला की रोवणीला लागायचे, असे इथल्या अनेक घरांचे वर्ष असते.

उमा नदी फार मोठी नाही. गावाजवळून दक्षिणेकडे मूलच्या दिशेने जाते आणि तिचे पाणी शेवटी वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. उन्हाळ्यात वाळूतून पायी पार होणारी उमा श्रावणात दोन्ही थड्या भरून वाहते. चिमूरच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस श्रावणातलाच होता.

त्या दिवसाकडे जाण्याआधी गावाच्या देवाकडे जायला हवे. चिमूर हे बालाजीचे गाव. भिकाजी पाटील डाहुले यांना गोठ्यासाठी जमीन खणताना मूर्ती सापडली, अशी आख्यायिका इथे सांगतात. माघ महिन्यात घोडा यात्रा भरते. लाकडी घोड्यावर स्वार झालेल्या बालाजीची मिरवणूक रात्री निघते आणि सगळा तालुका, शेजारचे तालुकेही, त्या गर्दीत उभे राहतात. या भागात मुलाचे नाव बालाजी ठेवण्याची रीत आहे. हे नाव पुन्हा येणार आहे.

गावावर दुसरी छाया आहे ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या महाराजांनी तरुणपणी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या जंगलात साधना केली. नंतर ते खंजिरी घेऊन गावोगाव हिंडले. भजनातून त्यांनी व्यसन सोडायला सांगितले, गाव स्वच्छ ठेवायला सांगितले आणि परक्या राजवटीपुढे मान वाकवू नका असेही सांगितले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत देशाची बातमी या भजनांतून पोचली. चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातली आष्टी ही दोन आडबाजूची गावे एकाच दिवशी का पेटली, याचे बरेचसे उत्तर मला त्या खंजिरीत सापडते.

१६ ऑगस्ट १९४२. रविवार, नागपंचमी. मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले त्याला एक आठवडा झाला होता. चिमूर तेव्हा वरोरा तहसिलीत होते आणि अधिकारी बंदोबस्तासाठी गावात येऊन राहिले होते. सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अवघ्या सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर मारला गेला. त्यानंतर जमाव कोणाच्याच हातात राहिला नाही. लोक डाकबंगल्यावर चालून गेले, बंगला पेटवला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनावणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई असे चौघे जण त्या दिवशी मारले गेले. हे चौघेही याच देशाचे होते. चिमूरचा अभिमान बाळगताना ही गोष्ट झाकून ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

मग रस्त्यांवर झाडे पाडली गेली, पूल तोडले गेले. तीन दिवस चिमूरवर इंग्रजांचा अंमल नव्हता. सुभाषबाबू तेव्हा जर्मनीत होते आणि तिथून आझाद हिंद रेडिओ चालवत होते. त्या रेडिओवर चिमूर स्वतंत्र झाल्याचे सांगितले गेले, ही आठवण गावात पिढ्यांपासून सांगितली जाते.

१९ ऑगस्टला फौज आली. गावातले पुरुष धरपकडीत गेले किंवा जंगलात पळाले होते. घरांत राहिल्या त्या बाया, मुले आणि म्हातारी माणसे. सैनिक घरांत शिरले. लूट झाली आणि स्त्रियांवर बलात्कार झाले. दादीबाई बेगडे या वृद्ध बाईंनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना गाठून हे थांबवायला सांगितले, हे चिमूरकर आजही आदराने सांगतात. पुढच्या महिन्यात डॉ. बा. शि. मुंजे आणि रमाबाई तांबे यांच्यासारखे नागपूरचे कार्यकर्ते चिमूरला पोचले. त्यांनी बायांशी बोलून हकिकती लिहून घेतल्या. गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, सासरच्या घरात राहून अशी गोष्ट तोंडाने सांगायला १९४२ साली किती बळ लागले असेल! सांगणाऱ्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या. सरकारने चौकशीला नकार दिला.

इथे चिमूरच्या कथेत जयकृष्ण भन्साळी येतात. हे एकेकाळचे प्राध्यापक गांधीजींच्या आश्रमात राहत. मौन मोडू नये म्हणून त्यांनी कधीकाळी स्वतःचे ओठ तारेने शिवले होते, कडुनिंबाच्या पाल्यावर दिवस काढले होते. चिमूरच्या बायांची हकिकत ऐकून ते दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा बापूजी अणे होते, वणीचे, म्हणजे विदर्भाचेच. चौकशी व्हावी म्हणून भन्साळींनी त्यांचे दार गाठले. तिथून सरकारने त्यांना सेवाग्रामला परत पाठवले. मग त्यांनी अन्न सोडले आणि चिमूरकडे पायी निघाले. सरकारने त्यांना वाटेतून परत आणले, तरी ते पुन्हा निघाले. उपवास ११ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झाला आणि १२ जानेवारी १९४३ ला संपला. त्रेसष्ट दिवस.

सरकारने त्या उपवासाच्या बातम्या छापायलाच बंदी केली. तेव्हा देशातल्या संपादकांच्या परिषदेने सरकारी भाषणे आणि नववर्षाच्या किताबांची यादी छापायची नाही असे ठरवले, आणि ६ जानेवारी १९४३ ला देशभरातली अनेक वर्तमानपत्रे एक दिवस बंद राहिली. ज्या गावाचे नाव विदर्भाबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते, त्या गावातल्या बायांसाठी वर्तमानपत्रांनी आपले अंक थांबवले. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माणसाला चिमूरचे ऋण वाटावे ते इथे. अखेर तडजोड झाली, बंदी उठली, भन्साळींनी उपवास सोडला. ज्या चौकशीसाठी उपवास केला, ती मात्र कधी झाली नाही.

तुकडोजी महाराजांना १९४२ च्या त्याच ऑगस्टच्या अखेरीस चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. चिमूर आणि आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीची, अनेकांना जन्मठेपेची शिक्षा झाली. अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि फेटाळले गेले. या माणसांचे जीव वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे अथक झटल्या, गांधीजींनीही सरकारला लिहिले आणि १९४५ मध्ये फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. मागाच्या, नांगराच्या, दुकानाच्या कामातून उठून तुरुंगात गेलेली ही साधी माणसे होती. ती घरी परतली, तेव्हा देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता.

आजच्या चिमूरमध्ये १६ ऑगस्ट हा सगळ्यांत मोठा सार्वजनिक दिवस. हुतात्मा स्मारकापाशी लोक जमतात, पुढारी येतात आणि दरवर्षी एक मागणी पुन्हा उठते: चिमूर क्रांती जिल्हा करा. या मागणीला भूगोलाचाही आधार आहे. चंद्रपूरचे जिल्हा कार्यालय इथून सुमारे शंभर किलोमीटर. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, चिमूर चंद्रपुरातच राहिले. लोकसभेच्या मतदारसंघाला मात्र गडचिरोली-चिमूर असे जोडनाव मिळाले. शंकरपूर किंवा भिसीकडच्या शेतकऱ्याला एका कागदासाठी चंद्रपूरला जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. ही अडचण खरी आहे.

दक्षिणेला ताडोबा आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल १९९५ पासून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखले जाते. कोलारा आणि नवेगावची प्रवेशद्वारे चिमूरच्या बाजूला उघडतात, त्यामुळे पहाटे जिप्सींच्या रांगा लागतात आणि गावातल्या तरुणांना गाइडचे, चालकाचे काम मिळते. त्याच पहाटे दुसऱ्या एखाद्या गावात माणूस मोहफुले वेचायला निघतो आणि घरचे त्याच्या परत येण्याकडे डोळे लावून बसतात. वाकून फुले वेचणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या घटना या जिल्ह्यात वारंवार घडतात. रामदेगी-नवेगावसारखे गाव वाघासाठी जंगलातून उठून बाहेर वसले. जंगलाची सफर करायला येणाऱ्यांनी हेही ठाऊक करून घ्यावे.

चिमूर पाहायचे तर दोन वेळा येण्याजोग्या आहेत. श्रावणात आले तर उमा भरलेली दिसते, धानाची रोवणी संपत आलेली असते आणि स्मारकावर ताजी फुले असतात. माघात आले तर रात्र जागवायची तयारी ठेवावी. गावोगावच्या लोकांनी रस्ता फुललेला असतो, लेकरे बापाच्या खांद्यावर पेंगत असतात. दूरवरून टाळांचा आवाज येऊ लागतो, लाकडी घोडा दिव्यांच्या उजेडात वळणावर दिसतो आणि गर्दीतून एकच हाक उठते, बालाजीच्या नावाची.