टाक्यांचा श्वास, माहुलची धाप

पेट्रोल पंपावर स्कूटरच्या टाकीत नळी घातली की टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते. पलीकडे उभा असलेला माणूस पाण्यातून पाहावा तसा हलतो. ती थरथर पेट्रोलच्या वाफेची. आपण जिला रिकामी टाकी म्हणतो ती वाफेने भरलेली असते; खालून पेट्रोल चढू लागलं की वाफेला जागा सोडावी लागते आणि ती थेट आपल्या नाकाशी येते. ही झाली चार-पाच लिटरच्या टाकीची गोष्ट. मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलमध्ये अशा टाक्या इमारतीएवढ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी माणसांच्या इमारती आहेत.

मोठी टाकी नुसती उभी असली तरी स्वस्थ नसते. उन्हाने तापली की आतली वाफ फुगते आणि बाहेर पडते. रात्री निवली की बाहेरची हवा आत ओढली जाते. तेलधंद्यात याला ‘ब्रीदिंग लॉस’ म्हणतात. शब्द चपखल आहे, टाकी खरंच श्वास घेते. मात्र त्यातला ‘लॉस’ उडून गेलेल्या मालाचा. तो माल कुणाच्या छातीत गेला, हा रकाना त्या वहीत नाही. याशिवाय टँकर भरताना निघणारी वाफ वेगळी, आणि व्हॉल्व्ह, पंप, पाइपांचे जोड यांतून झिरपणारी वेगळी. टाकीचं छप्पर तेलावरच तरंगतं ठेवलं तर वाफेला फारशी जागा उरत नाही. टँकर भरताना निघणारी वाफ पकडून तिचं पुन्हा द्रव करणारी यंत्रणाही मिळते. यात नवं असं काही नाही, फक्त पैसे लागतात.

माहुल मूळचं कोळ्यांचं गाव. १९५४ आणि १९५५ मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने या भागात सुरू झाले. आजचे एचपीसीएल आणि बीपीसीएल ते हेच. पुढे खत कारखाना, वीज केंद्र आणि रसायनं साठवणाऱ्या टाक्या आल्या. कारखान्याजवळ राहायला गेलात कशाला, असा प्रश्न प्रदूषणाच्या प्रत्येक वादात कुणीतरी विचारतंच. कोळ्यांना तो विचारता येत नाही, ते आधीपासून तिथेच होते. आणि नंतर जे आले त्यांना सरकारी यंत्रणेने आणलं.

त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं नाकाविषयी. अशा ठिकाणी पहिला साक्षीदार नाकच असतं आणि तो साक्षीदार फार बेभरवशाचा आहे. गंधकाची संयुगं त्याला अब्जात काही कण असली तरी कळतात. म्हणूनच तर घरच्या सिलिंडरच्या मूळच्या बिनवासाच्या गॅसमध्ये असं संयुग मुद्दाम मिसळतात. बेंझिनचं उलट आहे. अस्थिमज्जेवर घाला घालणारं, रक्ताच्या कर्करोगाशी नातं सिद्ध झालेलं हे रसायन. हवेतल्या बेंझिनसाठी आपल्याकडची मर्यादा वार्षिक सरासरीने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. पण त्याचा गोडसर वास माणसाला जाणवू लागतो तो घनमीटरला साधारण ५,००० मायक्रोग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. त्यात नाक सरावतं. नवा पाहुणा दारातच नाकाला रुमाल लावतो आणि घरचे म्हणतात, आम्हाला नाही येत वास. दोघंही खरंच बोलत असतात.

२०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने माहुल आणि आंबापाडा भागात पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. त्या अहवालात टोल्युइन डायआयसोसायनेट या रसायनाचं नाव आलं. गादीचा फोम ज्यापासून बनतो, त्यातलं हे एक. त्याची खोड अशी की एकदा का शरीराला त्याचं वावडं जडलं, की पुढे अगदी कणभरानेही दम्याचा झटका येऊ शकतो. मग कालपर्यंत निरोगी असलेला माणूस शेजाऱ्याला जाणवतही नाही अशा हवेत कासावीस होतो. अशा माणसाला ‘हवा मर्यादेत आहे’ असं सांगण्याला काय अर्थ?

मर्यादेत असणं म्हणजे तरी काय, हेही एकदा कागदावर मांडून पाहण्याजोगं आहे. समजा, दिवसाचे २३ तास हवेत बेंझिन २ मायक्रोग्रॅम आहे आणि रात्री टँकर भरताना एक तास ६०. तेवीस दुणे शेहेचाळीस, अधिक साठ, एकशे सहा, भागिले चोवीस. उत्तर ४.४. रोज हेच घडलं तरी वर्षाची सरासरी पाचच्या आत. मर्यादेच्या बारापट भरलेला तो तास सरासरीत विरघळून गेला. शिवाय रात्री जमीन निवते, तिच्यालगतची गार हवा वर चढत नाही आणि जे सुटलं ते तिथेच रेंगाळतं. माणसं त्या वेळी घरात असतात. उपकरण कुठे ठेवलं, किती वेळ ठेवलं आणि आकडे कशाने भागले, यावर तक्रारदार खरा ठरतो की भ्रमिष्ट. हा तांत्रिक तपशील आहे असं म्हणून आपण तो ओलांडतो. मला तर अशा खटल्यात निम्मा निकाल इथेच लागतो असं वाटतं.

आंबापाड्याच्या रहिवाशांनी तरीही नेटाने लढा दिला. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हवेमुळे इथल्या लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. एवढं लेखी झाल्यावर माहुलला नवी माणसं नेणं थांबायला हवं होतं. घडलं उलटं. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या सुरक्षिततेसाठी हटवायच्या होत्या, आणि प्रकल्पग्रस्तांसाठी माहुलमध्ये ७२ इमारतींत १७,२०५ घरं बांधून तयार होती. पाण्याच्या पाइपापासून माणसं हलवली आणि तेलाच्या टाक्यांपाशी नेली. कामधंदा, मुलांच्या शाळा, ओळखीचे डॉक्टर मागे राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये काही कुटुंबं ती पक्की घरं सोडून विद्याविहारच्या फुटपाथवर येऊन बसली. फुटपाथ बरा, असं माणूस उगाच म्हणत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने दोन तेल कंपन्या आणि दोन साठवणूक कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, तो याच उडून जाणाऱ्या वाफांसाठी. ‘लॉस’च्या वहीत न मावलेला रकाना कुणीतरी पहिल्यांदा भरून पाहिला.

इमारती मात्र उभ्याच होत्या. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने त्यातली ९,०९८ घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत १२ लाख ६० हजार. ज्या शहरात एवढ्या पैशात गाडी लावायची जागा मिळणंही मुश्कील, तिथे घर. अर्ज मागवले ते तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून. प्रतिसाद इतका थंड होता की मुदत वाढवावी लागली.