खाडीत होडी घालण्यापूर्वी

टिटवाळा, खडवली, वासिंद या बाजूच्या शेतकऱ्यास मासेमारी नवीन नाही. मृगाचा पाऊस जोराने कोसळला म्हणजे काळू आणि भातसा या नद्यांतून वलगणीचे मासे ओढ्याओहोळांत व भातखाचरांत चढतात, आणि तेवढे दोन-तीन दिवस गावातील लहानथोर हातात मिळेल ते साधन घेऊन पाण्यात उतरतात. कातकरी बांधवांचे नदीतील मासेमारीचे कसब तर सर्वश्रुत आहे. परंतु ही सारी मासेमारी गोड्या पाण्याची होय. भाताची कापणी व झोडणी आटोपल्यावर कार्तिकापासून वैशाखापर्यंत जो मोकळा काळ मिळतो, त्यात लहान होडी घेऊन खाऱ्या पाण्यात जोडधंदा करावा असा विचार या भागातील काही तरुणांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. मात्र त्याची सुरुवात होडी विकत घेण्यापासून झाली, तर ती बहुधा कर्जात संपते, आणि क्वचित त्याहूनही वाईट रीतीने संपते.

टिटवाळ्यावरून वाहत जाणारी काळू नदी पुढे कल्याणच्या वरच्या अंगास उल्हास नदीस मिळते. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी तीच नदी खाडीचे रूप घेते, डोंबिवलीच्या मोठागावावरून पुढे जाते आणि ठाण्याच्या उत्तरेस तिचे दोन भाग होतात. मुख्य धार पश्चिमेस वळून घोडबंदरवरून वसईच्या खाडीत व तेथून समुद्रात उतरते. एक अरुंद फाटा दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीस मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावी मालाची गलबते येऊ शकत, ती भरतीच्या पाण्यावर. ज्यास खाऱ्या पाण्यात होडी घालावयाची आहे, त्याने हीच गोष्ट सर्वांआधी शिकावयाची असते.

नदी एकाच दिशेने वाहते. खाडी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. नदीकाठी वाढलेल्या माणसाच्या अंगवळणी पहिली गोष्ट पडलेली असते, आणि त्याची चूक नेमकी तेथेच होते. सकाळी काठोकाठ पाणी पाहून तो होडी किनाऱ्यास बांधतो. दुपारी परत येऊन पाहतो तो होडी चिखलात बसलेली आणि पाणी शंभर पावले दूर. किंवा ओहोटीबरोबर वल्ही न मारताच होडी झरझर खाली जाते, याचा त्यास आनंद वाटतो, आणि परतीची वेळ झाली म्हणजे त्याच पाण्याविरुद्ध दोन वल्ह्यांचे बळ अपुरे पडते.

पाण्याचे घड्याळ

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आली आहे. ज्या तिथीची भरती पाहावयाची, त्या तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता मुंबई बंदरात पूर्ण भरती असते. टिटवाळ्याच्या माणसास याचे उदाहरण शोधावे लागत नाही. महागणपतीच्या दर्शनासाठी चतुर्थीस येथे गर्दी लोटते. चाराची पाऊणपट तीन. म्हणून चतुर्थीस दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्षातील विनायकी असो वा कृष्ण पक्षातील संकष्टी असो, हिशेब तोच. अष्टमीस सहा वाजता भरती येते, एकादशीस सव्वाआठला. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरती रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते, आणि पाऊणपटीच्या रीतीचे मूळ त्यातच आहे.

ही रीत अंदाजाची आहे. बिनचूक वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. शिवाय ही वेळ बंदराच्या तोंडाशी असते. भरतीचे पाणी खाडीतून वर चढण्यास वेळ घेते, म्हणून डोंबिवली-कल्याणकडे भरती मुंबईपेक्षा उशिरा पोहोचते. किती उशिरा, हे नवख्याने आपल्या धक्क्यावर बांबू रोवून, त्यावर खुणा करून, पंधरा दिवस स्वतः टिपून घ्यावे. या पंधरवड्यात होडीची गरज नसते. वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढे पुरते. या पंधरा दिवसांच्या टिपणांनी जे शिक्षण मिळते, ते पुढे कोणी दुसरा देऊ शकत नाही.

वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या जोरास आहे. पौर्णिमा व अमावास्या आणि त्यांनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे; मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे. त्या वेळी पाणी थोडे चढते व थोडे उतरते. डोल लावणारे कोळी उधाणाची वाट पाहतात, कारण त्यांचे जाळे खुंटांना बांधलेले असते आणि वाहते पाणीच मासळी त्यात आणून सोडते. शिकाऊ माणसाने मात्र भांगाचे दिवस धरावेत. नवमी-दशमीचे मंद पाणी त्याच्या चुका पोटात घालते. उधाणाचे पाणी घालत नाही.

एकाच भरतीतही पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढावाचा साधारण बारावा हिस्सा येतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी धावते. पुलांच्या खांबांपासून या वेळी दूर राहावे. प्रवाहात आडवी होऊन खांबास टेकलेली होडी क्षणार्धात भरते आणि तेथे पोहता येणाऱ्याचाही इलाज चालत नाही.

पहिल्या फेऱ्यांसाठी ओहोटीचा शेवटचा दीड-दोन तासांचा मंद भाग धरून खाली जावे, पाणी थांबल्यावर मासेमारी करावी आणि भरती सुरू होताच तिच्याबरोबर घरी परतावे. कल्याणच्या बाजूच्या माणसास निसर्गाची येथे एक सवलत आहे. कोरड्या ऋतूत दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. ते आणि भरती असे दोन्ही मिळून होडीस वर ढकलतात. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्याच्या वाट्यास हे सुख येत नाही. तेथे ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे बाहेर धावत असता समोरून वारा आला, म्हणजे लाटा आखूड व उभ्या होतात. वसईच्या खाडीच्या तोंडाशी लहान होडीस अशा वेळी नेणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. निदान पहिले दोन हंगाम तरी तिकडे जाऊच नये.

होडी, नांगर आणि चिखल

पहिला हंगाम दुसऱ्याच्या होडीत वाट्याने काढावा. कोळीवाड्यातील जाणता तांडेल सांगेल ते काम करणाऱ्या धडधाकट माणसास सहसा नाही म्हणत नाही. खाडीतील जागांचे काही रिवाज असतात: डोलाचे खुंट कोणाचे, गळाची दोरी कोठवर टाकावी, कोणत्या कडेने ये-जा करावी. हे कागदावर सापडत नाही, आणि न विचारता जाळे टाकणाऱ्याचे पहिलेच भांडण पिढीजात धंदेवाल्याशी होते. त्या भांडणात नवखा बहुधा चुकलेला असतो.

स्वतःची होडी घेताना ती रुंद बुडाची, दोघांना उचलून किनाऱ्यावर ओढता येईल इतपत असावी. इंजिनाची घाई नको. वल्ह्याने जेथवर जाऊन येता येते, तेवढाच प्रदेश आरंभी आपला समजावा. मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी व महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवाना ही कामे होडी पाण्यात घालण्यापूर्वी उरकावीत. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. त्या हद्दीतील निर्बंध वनखात्याकडे विचारून घ्यावेत.

होडीत चढताना पाऊल मध्यभागी ठेवावे व लगेच बसावे. दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूस वाकू नये; जाळे ओढताना ही चूक हमखास होते, कारण मासळी दिसली की दोघांनाही ती पाहावयाची असते. पाणी उपसण्याचे भांडे दोरीने होडीस बांधलेले असावे. सुटे भांडे गरज पडेल तेव्हा नेमके वाहून गेलेले असते. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवण्यासाठी नसून अंगात घालण्यासाठी आहे, हे उन्हाळ्यात वारंवार सांगावे लागते.

नांगराविषयी एक नियम अपवाद न करता पाळावा. नांगराचा दोर नेहमी होडीच्या पुढच्या नाळेस बांधावा, मागच्या टोकास वा कडेस कधीही बांधू नये. नाळ प्रवाहाकडे राहिली तर पाणी दोन्ही अंगांनी फाटून जाते. मागची बाजू प्रवाहाकडे झाली तर ती खाली दबते आणि पाणी सरळ आत येते. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडला नाही, तर नांगर चिखलात धरत नाही व घसरत जातो. भरती चढेल तशी खोली वाढते, हे दोर मोजताना लक्षात घ्यावे. रेतीच्या उपशामुळे या खाडीच्या तळात जागोजाग खोल खड्डे झाले आहेत, तेव्हा काठाजवळ उथळच असेल असे गृहीत धरू नये.

होडी चिखलात बसली, तर उतरून ढकलण्याचा मोह आवरावा. खाडीचा चिखल भाताच्या चिखलासारखा नसतो. कंबरेपर्यंत रुतलेल्या माणसाकडे भरती येतच राहते. आत बसून पाण्याची वाट पाहणे यात कमीपणा नाही. रुतलेच, तर उभे राहून धडपडण्याऐवजी अंग आडवे टाकावे, वल्हे किंवा फळी छातीखाली घ्यावी आणि पाय एकेक करून हळू सोडवावेत. टिटवाळ्याहून निघणाऱ्याने घरी व धक्क्यावर परतण्याची वेळ सांगून ठेवावी. समुद्रावरील संकटात भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपयोगी पडतो.

काय धरावे, काय सोडावे

आरंभास फार साधने लागत नाहीत. एक पाग, गळाची एक दोरी आणि चिंबोऱ्यांसाठी लोखंडी कड्यास जाळे लावून केलेल्या चार-सहा झेली एवढ्यावर पहिले वर्ष जाते. पाग होडीतून टाकण्यापूर्वी अंगणात शंभर वेळा टाकून पाहावा. तो जमिनीवर वाटोळा पडू लागल्याशिवाय होडीत उभे राहून टाकण्याचा प्रयत्न करू नये. बोईट पागात सापडते, शिंगाळा गळास लागतो. शिंगाळ्याचे काटे मात्र फार त्रासदायक; तो हातात धरून गळ काढण्यापेक्षा चिमट्याने काढावा. चिंबोरीच्या नांग्या दोरीने बांधल्याखेरीज ती टोपलीत टाकू नये. पोटाखाली अंडी असलेली मादी सापडल्यास ती परत पाण्यात सोडावी.

जिताडा हा या खाडीतील मानाचा मासा. त्याचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. तो खाऱ्या पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी जन्मतो, लहानपणी गोड्या पाण्याकडे वर चढतो आणि वाढल्यावर पुन्हा खाली उतरतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात व काही वर्षांनी, अंगाने मोठे झाल्यावर, माद्या बनतात. म्हणून लहान जिताडे सरसकट मारले गेले, तर पुढे अंडी घालणारी मादीच उरत नाही. बारीक आसाचे जाळे घेतल्याने पहिल्या महिन्यात टोपली भरलेली दिसते, पण ते बियाणे खाण्यासारखे आहे. राज्य शासनाने २०२३ साली माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. ती यादी विभागाच्या कार्यालयातून आणून गावात लावणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम आहे.

कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी ज्या नाल्यांतून खाडीत येते, त्यांच्या मुखाशी मासे धरू नयेत. पाण्यावर तवंग, उग्र वास किंवा मेलेली मासळी दिसली, तर त्या दिवशीचे जाळे कोरडेच घरी न्यावे. अशी मासळी एकदा विकली गेली की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि ते न येणेच योग्य असते.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांना त्याआधी, २०१८-१९ पासूनच, खुली झाली होती. तरीही कर्जाचा अर्ज दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस करावा, पहिल्याच्या आरंभी करू नये. मुंबईत वर्सोवा येथे मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रशिक्षण केंद्र आहे; तेथे सागरी मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल यांचा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. पोहता येणे आणि मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव या अटी त्याच्या प्रवेश-जाहिरातींत असतात. खाडीत वाट्याने काढलेला एक हंगाम आणि स्वतःच्या होडीत काढलेला दुसरा, यांची बेरीज तेवढीच होते.

वैशाख संपता संपता होडी बाहेर काढावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना असणारी बंदी बिगरयांत्रिक होडीस लागू नसली, तरी हे दोन महिने उल्हास-काळूच्या पुराचे आहेत. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडविली होती आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले होते. होडी उंच जागी, झाडाच्या सावलीत दगडांवर पालथी ठेवावी. बूड खरवडून, वाळवून, लाकडी असल्यास माशाचे तेल चोळून घ्यावे. जाळी गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत सुकवून, उंदीर पोहोचणार नाहीत अशी आढ्यास टांगावीत. मग आवणाची कामे सुरू होतात, आणि होडीस नारळी पौर्णिमेपर्यंत विश्रांती मिळते.